तरीचे पैसे

साळावच्या पुलावर रिक्षा अर्ध्यात थांबवली.
रिक्षावाला म्हणाला, फोटो काढायचाय का मावशी?
नाही रे, तर कुठून सुटायची ते बघते.
त्याला तर म्हणजे काय ते कळेना.
पूल त्याच्या जन्माआधीचा.

विमानतळावरच्या पोरीनंही विचारलं होतं,
इकडे काय काम? पर्यटन?
माहेरी चाललेय, म्हटलं.
त्या अर्जात तसला चौकोन नव्हता.
पर्यटनावर खूण केली नि बाहेर आले.

बोर्लीत आमच्या घराच्या जागी
कुणाचं तरी गेस्ट हाऊस,
निळा रंग, गच्चीवर टाकी, वायफायची पाटी.
जोत्याचा एक चिरा तेवढा ओळखला,
घाण्याच्या तेलानं काळा पडलेला.
आम्ही शनवारतेली. सहा दिवस बैल फिरायचा,
सातव्या दिवशी तोही रवंथ करत बसायचा
आणि गावातलं कुणी तेल मागायला येत नसे.
चिऱ्यावर हात फिरवला.
हाताला नुसती धूळ.

वासंती पाटणे ओसरीवर होती.
एका भूगोलात दोघी अभ्यास करायचो, ती वासंती.
चष्मा पुसून तिनं मला न्याहाळलं,
या सेगुलाबाई. पोर कुठाय तुमची?
आई जाऊन एकतीस वर्षं झाली, तिकडे, वाळूत.
मागून सून खुणा करत होती, विसरतात हो.
मी बसले. म्हटलं, पोर गेली, दिमोनाला.
लांब आहे?
लांबच.
बरी आहे ना?
बरी आहे. गुडघे दुखतात.
एवढ्यात? म्हणाली वासंती, या वयात?
आणि सुपारी कातरत राहिली.

चांगुणानं मात्र बंदरावरून, पाटीपासूनच हाक मारली,
आयलीस गो! पन्नास वरसांनी आयलीस!
चोपन्न, मी म्हटलं.
तिची नातवंडं माझ्या बोलण्याला हसतात.
मी आगबोट म्हणते, तारमास्तर म्हणते,
दोन आणे, चार आणे म्हणते.
तिकडे बाकावर आम्ही सातआठ जणी
एवढ्यावरच भागवत आलो,
आता तिघीच उरलो,
नवे शब्द कुठून आणणार?

निघाले त्या दिवशी बाबा ट्रंका घेऊन पुढच्या फेरीनं गेलेले,
आणि माझ्या मुठीत चार आणे कमी.
चांगुणानं पदराची गाठ सोडली.
परत दे, म्हणाली. रडलीबिडली नाही.
इस्माईल मुकादमानं वल्हं मारलं
तेव्हा ती पाठ करून चालायला लागली होती.
मला पुष्कळ वर्षं त्याचा राग होता.

आज शंभराची नोट पुढे केली. तरीचे, म्हटलं.
उजेडात धरून, खरी आहे ना बघून,
तिनं ती चोळीत खोवली.
व्याज बाकी हाय, म्हणाली.

रात्री बोय केली होती, नारळाच्या दुधात.
ताटाच्या कडेला तीन खवले,
धुऊन, पुसून, नखाएवढे.
तुझी आय आदी बगायची ना, म्हनून ठेवले.
शिंपल्या, कोलंबी असली की
माझं पान ती वेगळं मांडायची, न सांगता,
सात वर्षांची होती तेव्हापासून.

तिकडे मासळी येते सोललेली, थिजलेली, पिशवीत.
खवला कुणी पाहिलाय?
आणि याफोला सुनेनं कोलंबी वाढली,
ती मी खाल्ली.
दोनदा घेतली.
सांगावं म्हणून तोंड उघडलं तर
चांगुणानं त्यात घास घातला.

काटा बग, म्हणाली.